सीलबंद थंडा

त्या घरात मी दोन वर्षं शिकवायला गेले आणि दोन वर्षांत तिथे एकदाही पाणी प्यायले नाही. रोज कोल्ड्रिंक प्यायले. नारिंगी रंगाची लहान बाटली, झाकण सीलबंद, फ्रिजमधून नुकतीच काढलेली. ती समोर आली की मी दहा मिनिटांत संपवायचे आणि मनात म्हणायचे, बघा, या घरात मला किती मान आहे.

हे शेवटचं वाक्य लिहिताना आजही कानशिलं तापतात. मूर्खपणा दुसऱ्याने केला तर माणूस विसरतो. स्वतःचा विसरता येत नाही, आणि ज्याच्या दारात केला त्याला तर अजिबात माफ करता येत नाही. निदान मला येत नाही. माझ्या ओळखीचे चार लोक म्हणतात, सोडून दे गं, झाली त्याला दहा वर्षं. त्यांनी सोडावं. माझ्या अंगावर चढलेले सोळा किलो त्यांनी उतरवले नव्हते.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मुलुंडला पश्चिमेकडे डोंगराच्या पायथ्याशी आमची खोली. पप्पा बस चालवायचे, आई घरी ब्लाउज शिवायची. मी बीएस्सी होऊन पोलीस भरतीच्या मागे लागले होते. सकाळी मैदानावर पळायचं आणि दुपारनंतर मुलांना गणित शिकवायचं, असा माझा दिवस. वर्दी मला लहानपणापासून हवी होती. आमच्या वस्तीत येणारा प्रत्येक माणूस, मग तो मीटर बघायला आलेला असो की खानेसुमारीला, आधी आडनाव विचारायचा आणि मग उभं कुठे राहायचं ते ठरवायचा. वर्दीतल्या बाईला मात्र कुणी काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. ती विचारायची आणि बाकीचे उत्तरं द्यायचे. मला विचारणाऱ्यांच्या बाजूला जायचं होतं, एवढंच.

मैदानावर आम्हा पंधरा-वीस मुलींकडून सराव करून घेणारे एक सर होते, सैन्यातून निवृत्त झालेले. शिट्टी आणि शिव्या यांवर त्यांचा सारखाच विश्वास होता. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं आणि त्याचेच मार्क जास्त. पहिल्या महिन्यातच सर मला म्हणाले होते, "तुझे पाय चांगले आहेत. तू फक्त तोंड बंद ठेव आणि पळ. वर्दी तुझीच." मी तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं, पण ते नंतर कळलं.

शिकवणीचं घर पूर्वेला होतं, स्टेशनचा पूल ओलांडून दहा मिनिटांवर, एका जुन्या पण रंगरंगोटी केलेल्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात काकू, त्यांचे मितभाषी यजमान, आणि आठवीतली नात. मुलगा आणि सून दोघं पवईला नोकरीला, ते संध्याकाळी उशिरा यायचे. काकू बँकेतून निवृत्त झाल्या होत्या. बोलायला गोड, साडीची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग गाव कुठलं म्हणाल्या. मी सांगितलं. मग पुन्हा एकदा आडनाव विचारलं, जणू मधल्या मिनिटात ते बदललं असेल. "बरं बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात ती बाटली होती.

"घे गं, उन्हातून आलीस."

मी "पाणी चालेल काकू" म्हटलं.

"पाणी कशाला? थंडा घे ना मस्त."

आता आमच्या घरी सीलबंद बाटलीचा अर्थ काय होता, ते सांगायला हवं, नाहीतर माझा मूर्खपणा तुम्हाला नीट कळणार नाही. पप्पांच्या डेपोतले साहेब कधी लग्नपत्रिका घेऊन यायचे, कधी शाळेतल्या बाई यायच्या, एकदा आईच्या ऑपरेशनच्या वेळी ओळखीचे डॉक्टर येऊन गेले. असं कुणी मोठं माणूस आलं की पप्पा चहाचं नाव काढायचे नाहीत. चपला घालून स्वतः नाक्यावर जायचे, गार बाटली आणायचे, धुतलेल्या नॅपकिनने पुसायचे आणि पाहुण्याच्या डोळ्यांदेखत तिचं झाकण उघडायचे. ते डोळ्यांदेखत उघडणं महत्त्वाचं होतं. पाहुणा "अहो कशाला" म्हणायचा आणि स्ट्रॉने प्यायचा. तळाशी बोटभर उरायचं ते माझं. मी एकदा विचारलं होतं, यांना चहा का नाही देत? पप्पा म्हणाले, "मोठी माणसं आपल्याकडचा चहा घेत नाहीत."

मला वाटलं, आईच्या चहात दूध कमी असतं म्हणून.

तर माझ्या डोक्यात हिशेब पक्का होता. चहा आपल्या माणसांना, बाटली मोठ्या माणसांना. पहिल्या दिवशी घरी येऊन मी चप्पल काढता काढता ओरडले, "पप्पा, मला बाटली देतात तिथे!" पप्पा जेवत होते. "बरं," म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

हळूहळू मला त्या बाटलीची सवय लागली. सवय हा सभ्य शब्द झाला, चटक लागली. साडेचार वाजले की जीभ कोरडी पडायची. मे महिन्याच्या सुट्टीत शिकवणी बंद होती तेव्हा मी पुलाखालच्या टपरीवरून स्वतःच बाटली घेऊ लागले, मोठी. मग रविवारी घरीही दोन लिटरची यायला लागली, "अभ्यास करते पोरगी, लागतं तिला" असं म्हणत आईच आणायची. मी तळलेलं खात नव्हते. भात अर्धा केला होता. सरांनी सांगितलं म्हणून रोज दोन उकडलेली अंडी आणि मूठभर भिजवलेले चणे खात होते. आणि तरी पँटचं बटण लागेना. आधी मला वाटलं, मशीनमध्ये आटली.

खरं सांगायचं तर सगळा दोष काकूंच्या बाटलीचा नव्हता. त्यांची लहान होती, माझ्या मोठ्या होत्या. कोर्टात उभं केलं तर मला हे कबूल करावं लागेल. पण मी कोर्टात नाही. पहिली बाटली कुणी दिली आणि का दिली, तेवढंच मी धरून बसलेय.

दुसऱ्या वर्षी मैदानावर माझी जागा बदलली. पुढच्या तिघींत असायचे ती मधल्या घोळक्यात आले, मग शेवटच्या चौघींत. पहिली फेरी ठीक जायची. दुसऱ्या फेरीत मांड्या एकमेकींना घासायच्या, छाती भरून यायची आणि मागून येणारी पोरगी "ताई, साइड" म्हणत निघून जायची. सर शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "घरी काय हादडतेस?"

"काही नाही सर, शप्पथ."

"मग हवेवर सुटलीस काय?"

काकूंच्याही ते लक्षात आलं होतं. त्या माझ्याकडे आपुलकीने बघत म्हणाल्या, "अगं, किती सुटलीयेस तू! अशी कशी पोलीस होणार? चोर पळून जाईल आणि तू जिन्यातच बसशील." नात फिदीफिदी हसली. मीसुद्धा हसले. हसता हसता मी त्यांची बाटली तोंडाला लावली, आणि त्यांनी माझ्याकडे बघत राहून एक शब्द काढला नाही. जाताना रोजच्यासारखं म्हणाल्या, "बाटली खालच्या डब्यात टाकशील ना? आमच्याकडे प्लास्टिकचा ढीग होतो." मी रोज टाकायचे. मी प्यायलेली एक वस्तू त्या घरात मागे राहत नव्हती, आणि मला त्यात फक्त सोसायटीची स्वच्छता दिसत होती.

भरती निघाली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. मैदानी चाचणी मरोळला झाली. त्या दिवसाचं मी फार लिहिणार नाही. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी लंगडत रेषा ओलांडली. मार्क आले ते यादीच्या खूप खाली. माझ्याबरोबर सराव करणाऱ्या पाच जणी लागल्या. त्यातल्या दोघी मला पूर्वी कधीच गाठू शकल्या नव्हत्या. पुढची भरती कधी निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि वय काही आमच्यासाठी थांबून राहणार नव्हतं. आईने त्या संध्याकाळी माझ्या आवडीची बाटली आणून ठेवली होती. मी ती अख्खी प्यायले आणि मग रडले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी काकूंकडे एक पेटी शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. माझ्याच वयाच्या, नातीला गाण्याची पेटी शिकवायला. त्यांचा पहिलाच दिवस होता आणि माझी शिकवणी संपत आली होती. काकूंनी त्यांचं आडनाव विचारलं. एकदाच. मग दिवाणखान्यातलं शोकेस उघडलं.

त्या शोकेसमध्ये सहा कपांचा एक सेट होता. पांढरे शुभ्र पातळ कप, कडेला बारीक सोनेरी रेघ, अंगावर निळी फुलं. नात गणित सोडवत असताना मी दोन वर्षं ते कप बघत बसायचे, मला ती फुलं पाठ झाली होती. ते लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भावाने दिले आणि काकूंचा त्यांच्यावर भारी जीव, हेही मला माहीत होतं. मला वाटायचं ते शोभेचेच आहेत. काकूंनी त्यातला एक काढला, आत गेल्या आणि पेटीच्या बाईंना त्यात चहा घेऊन आल्या. वाफ येत होती, आलं घातलेलं होतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थांब हं, तुझं कोल्ड्रिंक आणते."

अजून माझ्या डोक्यात काही पेटलं नव्हतं. नुसता आल्याचा वास आवडला म्हणून मी म्हटलं, "काकू, आज मलाही चहाच द्या ना."

"अगं, तुझ्यासाठी मुद्दाम आणून ठेवते मी. बाल्कनीत अख्खं खोकं आहे. तुम्हा सगळ्यांना लागतं ना, कचरेवाली, गॅसवाला, तो नळवाला. उन्हातान्हाचे येता बिचारे."

तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, मला पण दे ना एक, तू मला कधीच देत नाहीस."

"अजिबात नाही," काकू कडाडल्या. "नुसती साखर असते त्यात. विष आहे ते. सुटायचंय का तुला..."

आणि त्यांची नजर माझ्यावर आली आणि त्या थांबल्या. वाक्याचा उरलेला भाग त्यांनी गिळला. पण तो काय होता ते तिथे सगळ्यांना समजलं, पेटीच्या बाईंनासुद्धा. त्यांनी कप बशीत ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

म्हणजे काकूंना माहीत होतं. त्यात काय असतं ते माहीत होतं, त्याने काय होतं ते माहीत होतं. स्वतःच्या नातीला त्या दूध आणि शहाळ्याचं पाणी देत होत्या. आणि माझ्या ओठांना आपला कप लागू नये म्हणून मला दोन वर्षं रोज ते विष पाजत होत्या, वरून सुटलीस म्हणत होत्या. मी बाटली घेतली. उघडली नाही. पिशवीत टाकली आणि पूल चढून घरी आले.

पप्पा खाटेवर बसून पायाला तेल लावत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. खोकं, कचरेवाली, कप, सगळं. त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं?"

"काय?"

"पोरी, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला वाटलं, तुलाही कळलंय. शिकवणी जाऊ नये म्हणून गिळतेयस."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. नाक्यावर धावत जाणारे पप्पा, नॅपकिनने बाटली पुसणारे पप्पा, साहेबांच्या डोळ्यांदेखत झाकण उघडणारे पप्पा. त्यांच्या आयुष्यातली ती सगळी झाकणं मला त्या क्षणी एकदम दिसली. आईच्या चहाला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनाही गिळावं लागलं होतं, आणि मला त्यातला तळाचा बोटभर गोडवा मिळत होता म्हणून मी खूश होते. मला पप्पांचा राग आला का? आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग तो सगळा राग उचलून मी जिथे ठेवायला हवा होता तिथे नेऊन ठेवला.

ती न उघडलेली बाटली मी त्याच आठवड्यात मैदानावर नेऊन सरांना दाखवली. सर म्हणाले, "हे पितेस? रोज? आणि मला म्हणतेस काही खात नाही!" त्यांनी मला घरी जाऊन लेबल वाचायला लावलं. आईकडे वजनकाटा नव्हता, म्हणून मी नाक्यावरच्या वाण्याकडून लेबलवर लिहिली होती तेवढीच साखर तोलून घेतली आणि घरी वर्तमानपत्रावर ओतली. पोह्यांच्या चमच्याने नाही, चहाच्या चमच्याने मोजली. पाच चमचे भरले आणि सहावा अर्धा. आमच्या घरी माणशी दीड चमचा साखर पडली तरी आई "गोड झाला" म्हणायची. आई त्या ढिगाकडे बघून म्हणाली, "एवढी? एका बाटलीत?" आणि पदर तोंडाला लावला. मी ती साखर परत डब्यात भरली नाही. पुडी बांधून माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली, मुंग्या लागेपर्यंत ती तिथे होती.

शिकवणी मी लगेच सोडली नाही. नातीची परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि पोरीचा काही गुन्हा नव्हता. मी जायचे, बाटली घ्यायचे, उघडायचे नाही, घरी आणायचे. शेवटच्या दिवशी मी त्या सगळ्या बाटल्या दोन पिशव्यांत भरून नेल्या आणि काकूंसमोर टीपॉयवर ओळीने मांडल्या. रात्री झोपताना मी याची खूप तालीम केली होती. त्या लाजतील, गडबडतील, मग मी काय म्हणेन, सगळं ठरलेलं होतं.

काकूंनी बाटल्या पाहिल्या. एक उचलून झाकण तपासलं. "अगं, उघडल्याच नाहीस? बरं झालं हो. गॅसवाल्याला होतील." आणि नातीला म्हणाल्या, "ठेव गं बाल्कनीत."

मी जिना उतरले तेव्हा माझे कान गरम झाले होते. सूड घ्यायला गेले आणि त्यांचं खोकं भरून आले. त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या वेळी तयारीने यायचं, आणि ज्याला "नाही" म्हणता येत नाही असं काहीतरी घालून यायचं.

वजन उतरवणं ही फार कंटाळवाणी गोष्ट आहे, त्याबद्दल कुणी रसाळ लिहू शकत असेल तर लिहो. पहिले पंधरा दिवस डोकं दुखायचं, हात थरथरायचे, टपरीवरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे. पाणी, बिनसाखरेचा चहा, लिंबू-मीठ. सोळा किलो उतरायला मला पावणेदोन वर्षं लागली. पळताना दुसऱ्या फेरीच्या त्या वळणावर पाय जड झाले की मी डोळ्यांसमोर ते शोकेस आणायचे. निळ्या फुलांचे सहा कप. सर म्हणायचे, "आई-बापाचा चेहरा आठवा आणि पळा." बाकीच्या मुली आठवत असतील. मला काकूच आठवायच्या आणि त्याने मी जास्त पळायचे. द्वेषाने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो कधी नीट वापरून पाहिलेला नसतो.

पुढची भरती निघाली तेव्हा मी अठ्ठावीस पूर्ण केली होती. राखीव जागेमुळे वयात बसत होते. माझ्यामागून येऊन त्या वेळी कुणी "ताई, साइड" म्हणालं नाही. यादीत नाव आलं त्या दिवशी पप्पा नाक्यावर गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. म्हणाले, "सवयीने गेलो. मग आठवलं, आपल्याकडे आता ते कुणी पीत नाही." आईने चहा केला. वस्तीतले लोक आले ते सगळे चहाच प्यायले.

ट्रेनिंग झालं, दोन-तीन ठिकाणी नेमणुका झाल्या आणि फिरत फिरत मी पुन्हा उपनगराच्या या बाजूला आले. आमच्या पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची यादी असते. त्यांच्या घरी अधूनमधून जाऊन विचारपूस करायची, दाराला साखळी आहे का बघायचं, कामवालीची नोंद झाली का विचारायचं, असं ते काम. बहुतेकांना ते कटकटीचं वाटतं, कारण म्हातारी माणसं लवकर सोडत नाहीत. मला यादी चाळताना पूर्वेच्या एका सोसायटीचा पत्ता दिसला. तिसरा मजला. महिला, एकट्या. यजमान वारलेले, मुलगा सहकुटुंब कॅनडात.

ती गल्ली माझ्याकडे नव्हती, एका सहकाऱ्याकडे होती. मी म्हटलं, "ती लेन मला दे ना यार."

"खुशाल घे," तो म्हणाला. "पण ती आजी फार बोर करते, सांगून ठेवतो. आणि जबरदस्ती कोल्ड्रिंक पाजते."

"मला माहितीये," मी म्हटलं.

सकाळी अकराला गेले. कडक इस्त्रीची वर्दी, छातीवर पट्टी, पट्टीवर माझं आडनाव. काकूंनी दार उघडलं. अर्ध्या झाल्या होत्या. साडीच्या जागी गाऊन, हातात काठी, हात कापत होता. "या ना मॅडम, बसा ना," म्हणाल्या. मी सोफ्यावर बसले, ज्या खुर्चीवर दोन वर्षं बसायचे तिच्यावर नाही. मग त्यांची नजर पट्टीवर गेली, तिथून चेहऱ्यावर आली, पुन्हा पट्टीवर गेली.

"अगं... तू? तुम्ही?"

"तूच म्हणा काकू."

"किती बारीक झालीस गं! ओळखलंच नाही." मग सवयीने काठी टेकत बाल्कनीकडे वळल्या. "थांब, कोल्ड्रिंक आणते."

खोकं अजून होतं. मुलगा कॅनडात, नात कॅनडात, यजमान फोटोत, आणि बाल्कनीतलं खोकं जागच्या जागी.

"कोल्ड्रिंक नको काकू. नुसती साखर असते त्यात." मी शोकेसकडे बोट केलं. "चहा घेईन. त्या निळ्या फुलांच्या कपात."

त्या बाल्कनीच्या दारातून मागे वळल्या. "ते... ते शोभेचे आहेत गं. धूळ असेल. मी तुला कागदी ग्लासात..."

"मी धुते ना." मी उठले, शोकेस उघडलं, एक कप काढला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. दोन वर्षांत ज्या उंबऱ्याच्या अलीकडेच माझं सगळं येणं-जाणं होतं, तो ओलांडायला मला बूटही काढावे लागले नाहीत, पण मी काढले. आई-बापाने शिकवलंय. नळाखाली कप धुतला. तोच भरून आधी पाणी प्यायले. मग त्यांच्या हातात दिला आणि दारात उभं राहून कामाचे प्रश्न विचारले. गॅस रात्री खालून बंद करता का? दाराला साखळी लावता का? कामवालीचा फोटो, पत्ता दिलाय का ठाण्यात? काकू उत्तरं देत होत्या आणि चहाचं आधण ठेवत होत्या. मध्येच त्यांनी आलं किसून टाकलं.

"साखर किती?"

"नको. बिनसाखरेचा."

मी चहा सावकाश प्यायले. आयुष्यात इतका सावकाश चहा मी कधी प्यायले नाही. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, कपाकडे बघत होत्या, सोनेरी रेघेवर जिथे माझे ओठ लागत होते तिथे. मध्येच म्हणाल्या, "एकटीला फार भीती वाटते गं दुपारची. तू येत जा." ते त्या मनापासून म्हणाल्या, ते मला कळलं. लोक विचारतात, तेव्हा तुला दया नाही आली? नाही आली. आली असती तर लिहिलं असतं. मी काही त्यांच्याशी वाईट वागले नाही, दाराची कडी सैल होती ती घट्ट करायला माणूस पाठवला, माझा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनपाशी लावला. काम चोख केलं. आणि कप विसळून न ठेवता, तळाशी बोटभर चहा तसाच ठेवून, टीपॉयवर ठेवून आले.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. काकूंनी दार उघडलं, "ये गं" म्हणाल्या. बाल्कनीकडे वळल्या नाहीत. मी आत गेल्याबरोबर शोकेसकडे पाहिलं. पाच कप होते. सहाव्याच्या जागी एक पितळी समई सरकवून ठेवली होती.

काकूंनी माझी नजर पाहिली. "फुटला गं एक," म्हणाल्या, "हात थरथरतो ना माझा. धुताना सटकला."

खरंच सटकला असेल. मी काही पंचनामा केला नाही. मी शोकेस उघडलं आणि समईच्या शेजारचा कप बाहेर काढला.

"असू दे काकू," मी म्हटलं. "अजून पाच आहेत."